पिकअप वावरात फसते आणि रोडवर टायर खाते: मड टायर टाकण्याआधी हे तपासा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या टायरच्या दुकानासमोर पिकअपची रांग लागते. चाकं काळ्या मातीने माखलेली, ड्रायव्हरची पँट गुडघ्यापर्यंत तशीच. खाली उतरल्याबरोबर पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, मड टायर टाकून द्या. काल रातभर वावरात फसून होती." दिवाळीनंतर त्यातलेच काही जण परत येतात, तेव्हा तक्रार बदललेली असते: "टायर घुंघुं करून राहिले भाऊ, पाच महिन्यांत अर्धे खाल्ले."

अठरा वर्षं टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचं काम करतो आहे. सुरुवातीला मागितले की मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर, काढून द्यायचो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. मग काटोलकडच्या एका संत्रा व्यापाऱ्याची गाडी आली. चार नवे मड टायर मीच बसवले होते. तो दिवाळीनंतर आला, हौद्यावर हात टेकवून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "तुम्ही तरी सांगायचं होतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं. काटोल ते नागपूरचा कळमना बाजार साठेक किलोमीटर डांबर आणि बागेतली पांदण जेमतेम दोन किलोमीटर. त्या दोन किलोमीटरसाठी मी त्याला साठ किलोमीटर मड टायरवर पळवत होतो. तेव्हापासून टायर विकण्याआधी गाडी तपासतो. तोच क्रम खाली लिहितो. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, आणि टायर सगळ्यात शेवटी.

आधी लक्षणं ओळखा

फसण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. पहिल्यात मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरतं, माती मागे उडते आणि गाडी इंचभरही सरकत नाही. रिकाम्या गाडीला हे जास्त होतं. दुसऱ्यात गाडी पोटावर बसते. चाक फिरो न फिरो, मागच्या अॅक्सलचा मधला गोळा मातीच्या वरंब्यावर टेकलेला असतो.

टायर खाण्याचे प्रकार जास्त आहेत. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी उभी असेल तर हवा कमी राहते आहे. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला पार्ट. टायरवर वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग.

आता हात वापरा. गाडी उभी करून, टायर थंड झाल्यावर तळहात टायरच्या रुंदीवर फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागलं तर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बिघडलाय. मग तळहात चाकाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवा. नक्षीतल्या प्रत्येक गोटीची (रबराच्या ठोकळ्याची) एक कड उंच आणि दुसरी बसकी लागली, पायऱ्यांवरून हात गेल्यासारखं वाटलं, तर चाकं वेळेवर बदललेली नाहीत. मड टायरच्या गोट्या मोठ्या आणि एकमेकींपासून सुट्या असतात, म्हणून त्यांना हा पायरीचा रोग लवकर लागतो. तो घुंघुं आवाज बहुतेक वेळा याचाच.

आवाज टायरचा की बेअरिंगचा हे ओळखायला नागपूरसारखं गाव नाही. सिमेंट रोडवरून डांबरावर उतरा. आवाज बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच राहतो पण लांब वळणावर वाढतो किंवा दबतो, तर हब बेअरिंगकडे बघा.

पहिली तपासणी: चाक दिवसभर कशावर फिरतं

पैसा लागत नाही, फक्त खरं बोलावं लागतं. आठवड्याभरात डांबर-सिमेंटवर किती किलोमीटर, मुरमाच्या रस्त्यावर किती आणि खऱ्या चिखलात किती, हे कागदावर लिहा. उमरेड किंवा सावनेरकडे खाणीच्या, गिट्टीच्या कामावर गाडी असेल तर हिशोब वेगळा. कुही-मांढळच्या धानाच्या बांधीतून रोज जाणं असेल तर वेगळा. पण बाजारात माल नेणारे, बुटीबोरीला कारखान्याचं सामान पोचवणारे आणि वर्षातून वीस-पंचवीस दिवस वावरात शिरणारे, हे सगळे डांबरावरचेच समजा.

हे आधी का? कारण मड टायरमध्ये गोट्यांच्या मधल्या खाचा मोठ्या असतात, म्हणून रस्त्याला टेकणारं रबर कमी. कोरड्या डांबरावर तेवढंच रबर सगळं वजन झेलतं, तापतं आणि लवकर झिजतं. ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो. चिखलात जो गुण, तोच रोडवर दोष. नक्षी दिसायला दणकट असली म्हणजे पकड सगळीकडे दणकट, असं नसतं.

दुसरी: फसलेल्या जागी खाली वाकून बघा

गाडी निघाल्यावर लोक देवाचं नाव घेऊन पळतात. पळू नका. पांदणीत ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो. गाडीखाली वाकून मागच्या अॅक्सलचा गोळा बघा. त्याच्या पोटावरची माती घासून लोखंड चकाकत असेल तर गाडी टायरमुळे फसलीच नाही, पोटावर बसली. जगातला कुठलाही मड टायर तिला काढणार नाही, कारण चाकांवर वजनच उरलेलं नव्हतं. उपाय एवढाच की चाकोरीत न उतरता एक चाक वरंब्यावर आणि एक बाहेरच्या धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) कडेवर ठेवून जायचं. ते जमत नसेल तर गाडी रोडवर उभी करून माल बैलबंडीने किंवा ट्रॅक्टरने बाहेर आणायचा.

चाक गरागरा फिरलं असेल तर टायरच्या खाचा बघा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लुगदीसारखी चिकटते. अनवाणी चाललं तरी चार पावलांत तळव्याला मातीची चप्पल तयार होते. टायरचंही तेच. खाचा भरल्या की टायर नवा असो की टकला, फिरतो सारखाच. मड टायरचा फायदा इथे आहे, पण अट आहे. चाक जरा वेगात फिरलं तरच त्याच्या रुंद खाचांतून माती बाहेर फेकली जाते. भरलेली पिकअप पहिल्या गिअरमध्ये रांगत असेल तर मड टायरही थापला जातो. मुरमाड किंवा वाळूमिश्रित चिखलात या टायरचं जे कौतुक ऐकता, ते काळ्या मातीत तेवढं खरं ठरत नाही.

रिकामी गाडी फसत असेल तर आणखी एक फुकटचा उपाय. पिकअपचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. हौदा रिकामा असला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ताठ उभे आणि चाकांवर वजन नाही. रेतीचे चार-पाच कट्टे मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर ठेवून बांधा. अगदी मागच्या फाळक्याला टेकवून नाही, तसं केलं की पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. गाडीत दोन रिकामी पोती आणि एक फावडं ठेवा. फिरणाऱ्या चाकासमोरची माती उकरून बारदाना किंवा पऱ्हाट्या टाकल्या की बऱ्याच वेळा टोचन (दुसऱ्या गाडीने ओढणं) लागत नाही.

तिसरी: हवा

नव्वद टक्के लोक ही तपासणी झाली असं धरून चालतात, म्हणून इथे थांबतो.

ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतं. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो, आणि बहुतेक माल गाड्यांत रिकामी आणि भरलेली असाही फरक दिलेला असतो. आपल्याकडे पंपावर मात्र "चारही चाकात चाळीस मार" असा एकच हुकूम. त्याने पुढचे टायर मधोमध झिजतात आणि मागचे, माल भरल्यावर, कडांवर. एकाच गाडीत दोन्ही रोग. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो कमाल दाबाचा असतो, भरायचा आकडा नव्हे. भरायचा तो दारावरचा.

मोजायचं सकाळी, गाडी चालवण्याआधी. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. सकाळी ५० पीएसआय भरलेला टायर दुपारी तीसेक अंशांनी तापला की साधारण ६ पीएसआयने चढतो. हे अपेक्षितच आहे, टायर त्या हिशोबाने बनलेला असतो. तरी ड्रायव्हर दुपारी हवा तपासतो, आकडा जास्त दिसतो, घाबरून हवा सोडतो. रात्री टायर थंड झाला की हवा कमी पडलेली. दुसऱ्या दिवशी तोच कमी हवेचा टायर माल घेऊन पळतो, भिंत जास्त दबते, जास्त तापते आणि फाटते. उन्हाळ्यात टायर फुटला की लोक म्हणतात हवा जास्त झाली. आमच्याकडे येणाऱ्या फुटक्या टायरची आतली भिंत बघा. बहुतेकांत गोल काळा पट्टा आणि रबराचा भुगा निघतो. तो कमी हवेत दबून चालल्याचा पुरावा आहे.

स्वतःचं गेज घ्या. चांगलं गेज काही शे रुपयांत मिळतं. एकदा मी एकाच टायरला तीन जागी गेज लावून पाहिलं आणि तीन आकडे आले. तेव्हापासून माझं गेज खिशात असतं.

चिखलात शिरण्याआधी हवा कमी करायची का? ट्यूबलेस टायर असेल आणि गाडी रिकामी किंवा हलकी असेल तर मागच्या चाकांतली हवा साधारण एक-तृतीयांश कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मड टायरच्या किमतीत जो फरक शोधताय, त्यातला बराचसा इथे फुकट मिळतो. मात्र वेग पंधरा-वीसच्या आत ठेवा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, आणि डांबर लागण्याआधी हवा परत भरा. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हा प्रयोग करू नका. ट्यूबवाला टायर असेल तर अजिबातच नको. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. भरलेल्या गाडीतही नको.

चौथी: वजन काट्यावर

धर्मकाट्यावर गाडी नेताच, तर एक वजन जास्तीचं करा. माल भरून फक्त मागची दोन चाकं काट्यावर घ्या. पावतीवर जो आकडा येईल त्याचा अर्धा एका मागच्या टायरवर आहे.

आता टायरच्या भिंतीवर मापानंतर लिहिलेला आकडा वाचा. १०४ असेल तर तो टायर ९०० किलो उचलतो, १०९ असेल तर १०३० आणि ११२ असेल तर ११२० किलो. ११२/११० असं लिहिलं असेल तर पहिला आकडा एकट्या चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा. मागचं वजन दोन टन निघालं आणि टायर १०४ चा असेल, तर नक्षी कुठलीही असू द्या, तो टायर गाडीसाठी नाहीच.

ही चूक ऑल-टेरेन, म्हणजे रोड आणि कच्च्या दोन्हींसाठीचा टायर, घेताना फार होते. दुकानात पांढऱ्या अक्षरांचे देखणे ऑल-टेरेन टायर टांगलेले असतात. त्यातले बरेच एसयूव्हीसाठी बनलेले, पाच माणसं आणि चार बॅगा उचलणारे. माल गाडीला मापासोबत एलटी (लाइट ट्रक) किंवा सी (कमर्शियल) हे अक्षर असलेला टायर लागतो, त्याची भिंत जाड आणि दाबाची क्षमता जास्त. आकड्यानंतरचं अक्षर वेगाचं: एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०, आर म्हणजे १७०. माल गाडीला वेगाचं अक्षर सहसा कमी पडत नाही, वजनाचा आकडा कमी पडतो.

पाचवी: वय आणि उरलेली नक्षी

भिंतीवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मड टायर दुकानात सावकाश खपतात, म्हणून नवे म्हणून घेतलेले टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडलेले असू शकतात. घेताना चारही टायरची तारीख वाचा. माझ्या दुकानातही वाचा, मला राग येत नाही. गाडी वर्षभर उन्हात उभी राहत असेल तर भिंतीवर बारीक भेगा दिसायला लागतात. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या.

खाचांत रबराची छोटी आडवी उंचवटी असते. झिजत झिजत नक्षी तिच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची मर्यादा तीच. चिखलासाठी मात्र टायर त्याच्या फार आधी निकामी झालेला असतो.

सहावी: चाकं बदलणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट

इथून पुढे खर्च आहे, पण टायरच्या मानाने किरकोळ.

मागच्या चाकांना ओढ असलेल्या पिकअपमध्ये मागची चाकं सरळ पुढे आणि पुढची चाकं तिरपी मागे, म्हणजे पुढचं डावं मागे उजवीकडे, असं बदलायचं. साध्या टायरला आठ-दहा हजार किलोमीटरवर चालतं. मड टायरला मी पाच हजारांवर करतो. पायऱ्या खोल पडल्यावर बदलून काही उपयोग नाही, आवाज जात नाही. टायरच्या भिंतीवर बाण असेल तर चाक तिरपं जात नाही, त्याच बाजूला पुढे-मागे करायचं.

स्टिअरिंग ७०-८० ला थरथरत असेल तर बॅलन्सिंगच्या आधी रिमचा आतला भाग खरवडून धुवा. वावरातून आलेल्या गाडीत रिमच्या आत वाळलेल्या मातीचा थर बसलेला असतो, कधी पावभर, कधी त्याहून जास्त. ती माती धरून वजनं लावली तर माती गळून पडली की पुन्हा थरथर. एक दादा तीन दुकानांत बॅलन्सिंग करून माझ्याकडे आले होते. मी रिमच्या आत स्क्रूड्रायव्हर घातला आणि भाकरीएवढा पोपडा बाहेर पडला.

अलाइनमेंट पुढच्या चाकांचंच होतं. मागे अखंड अॅक्सल आहे, तिथे फिरवायला काही नाही. तरीही मागचा टायर एकाच कडेने खाल्ला जात असेल तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असू शकतो. समोरून येणाऱ्या माणसाला विचारा, गाडी खेकड्यासारखी तिरपी दिसते का. किंवा दोरी घ्या आणि पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. स्टिअरिंग सरळ असताना फरक दिसला तर थेट पाटेवाल्याकडे.

सातवी: झोल, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा

सपाट जागा, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना दगड, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. खटखट झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवा. तिकडे झोल असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग. झोल असताना नवे टायर टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. टायर कुठलाही टाका, तीन महिन्यांत त्याचा हाच हाल.

आता टायर निवडायचा

इथवर सगळं नीट निघालं आणि तरी टायर बदलायचाच असेल, तर माझं मत सरळ सांगतो.

रोज डांबर आणि अधूनमधून पांदण असेल तर चारही चाकांना एलटीचा ऑल-टेरेन. तो चिखलात मड टायरएवढा नाही आणि हायवेवर साध्या टायरएवढा शांत नाही, पण दोन्हीकडे तुम्हाला घरी आणतो. विदर्भात ऑल-टेरेन घेण्याचं खरं कारण चिखल नाहीच. पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर वावरात राहिलेले तिरके खुंट आणि धुऱ्यावरचे बाभळीचे काटे टायरची भिंत फाडतात. भिंतीचा छेद पंक्चरवाला जोडत नाही, जोडूही नये. म्हणून नक्षीपेक्षा भिंतीचे थर किती आहेत ते विचारा, भिंत अंगठ्याने दाबून पाहा.

मड टायर कुणी घ्यावा? ज्याची गाडी अर्ध्याहून जास्त वेळ कच्च्यात असते, चारही चाकांना ओढ आहे, आणि जो आवाज, डिझेल आणि लांब ब्रेक मान्य करून घेतो त्याने. फक्त मागे मड आणि पुढे साधे टायर टाकून काही जण पैसे वाचवतात. ओल्या डांबरावर वळणात मागची चाकं आधी सुटतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. माझ्याकडे कुणी मागितलं तर मी नाही म्हणतो.

समृद्धी महामार्गावर नियमित जाणाऱ्यांना मी मड टायर देतच नाही. शिवमडक्यापासून मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटर एकसलग काँक्रीट, माल गाडीला ८० ची मर्यादा, मध्ये ना सिग्नल ना गाव. टायरला थंड व्हायला जागाच मिळत नाही. तिकडे जायचं असेल तर चढण्याआधी थंड टायरची हवा आणि मालाचं वजन, दोन्ही तपासा.

मापाबद्दल एक हिशोब. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला की चाकाचा व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो. गाडी वर उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, कारण वाढीचा अर्धाच भाग खाली येतो. बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टवर असेल, चढावर क्लच जास्त घासेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासेल ते वेगळं. कंपनीने दिलेल्या मापाबाहेर जाऊन गाडी बदलली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि अपघातानंतर विमावाल्याला बोट दाखवायला जागा मिळते. मी कंपनीच्या यादीबाहेरचं माप बसवत नाही.

इथे थांबा, हात लावू नका

टायरच्या भिंतीवर फुगा आला असेल किंवा छेदातून आतले धागे दिसत असतील, तर गाडी दुकानापर्यंतही चालवू नका. स्टेपनी लावा किंवा टायरवाल्याला बोलवा.

रिमला सुटी लोखंडी कडी असेल, म्हणजे लॉक रिंगची रिम असेल, तर घरी टायर उघडू नका आणि हवाही भरू नका. कडी नीट बसली नाही तर हवेच्या दाबाने गोळीसारखी सुटते. हे काम पिंजऱ्यात टायर ठेवून करणाऱ्या माणसाचं आहे.

बॉल जॉइंटमध्ये झोल, बेअरिंगचा घरघराट, सरकलेला अॅक्सल, वाकलेला टाय रॉड, यातलं काहीही सापडलं की तपासणी संपली. पुढचं काम मेकॅनिकचं.

गाडी पोटापर्यंत बुडाली असेल तर ट्रॅक्टरने साखळी बंपरला किंवा पाट्याला बांधून ओढू देऊ नका. चेसिसवरच्या हुकलाच बांधा. हुक नसेल, किंवा एकदा ओढून हलली नाही, तर माल उतरवा आणि क्रेन बोलवा. ओढताना साखळीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर बिलकूल नाही.

आणि एक राहिलंच. नवे चार टायर टाकले की लोक स्टेपनी विसरतात. ती जुन्या मापाची, जुन्या नक्षीची, हौद्याखाली लटकलेली असते. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत वेगळ्या मापाचं चाक लावून फोर-व्हील टाकलं तर गिअरबॉक्सच्या मागची पेटी मार खाते, म्हणून स्टेपनी त्याच मापाची घ्या. ती खाली उतरवणारी साखळी वाळलेल्या काळ्या मातीत जाम झालेली असते, रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात ती सुटत नाही. पावसाळ्याआधी एका रविवारी स्टेपनी पूर्ण खाली उतरवा, साखळीला ग्रीस लावा, आणि परत चढवण्याआधी तिचीही हवा मोजा.